व्हाइस म्हणजे काय, ताई?

४ मार्च, मंगळवार
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

चि. ठोक्यास,

ताईचे आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव, पाठवायचं काम मी केलं.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. साडेसहा वर्षांनी पत्र, आणि आत एक ओळ! 'ताई, व्हाइसचा अर्थ व्यसन होतो का? खरं सांग.' खाली सहीसुद्धा नाही. आधी मला अक्षर ओळखूच आलं नाही. कुणा लहान मुलाचं असेल असं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला की तू आता डाव्या हाताने लिहितोस.

इकडे सगळं ठीक. ह्यांची तब्येत बरी आहे, वजन थोडं वाढलंय. कामगार संघटनेचे व्हाइस प्रेसिडेंट होऊन ह्यांना साडेसहा वर्षं झाली, त्यामुळे घरी माणसांची सारखी ये-जा. सगळे ह्यांना नुसतं 'व्हाइस' म्हणतात, आणि शेजारीण मला 'व्हाइसबाई'. मी अनुवादक आहे हे लोक विसरलेत. परवा दारावर कपाळ आपटलं, तीन टाके पडले. माझा धांदरटपणा तुला माहीतच आहे. बाकी विशेष काही नाही.

तू कुलुपं दुरुस्त करतोस असं टायपिस्टबाईंकडून कळलं. त्यांचा भाऊ तुझ्याच गल्लीत राहतो. म्हणाल्या, "डाव्या हाताने करतो, पण कुलूप परत येत नाही." मला बरं वाटलं. लहानपणी घरातली एक खुर्ची तू न ठोकता सोडली नाहीस, म्हणून तर ठोक्या झालास. आणि प्रशिक्षण शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी तू अर्ज केलास, मुलाखत चांगली झाली, पण त्यांनी जुन्या कारखान्याचा कागद काढला, हेही कळलं. एकवीस तारखेला शेवटची सुनावणी ना? म्हणजे विचारायचं कारण समजलं.

तर ऐक. व्हाइस हा एक शब्द नाही. तीन आहेत. माझ्या मोठ्या कोशात तिघांच्या नोंदी वेगळ्या आहेत, डोक्यावर बारीक आकडे घालून. एकाच वर्गात एकाच नावाची तीन मुलं असावीत आणि बाईंनी हजेरीत नंबर घालावेत, तसं. दिसायला सारखे, पण एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

एक व्हाइस म्हणजे दुर्गुण, वाईट नाद. तो लॅटिनमधल्या 'खोट' या अर्थाच्या शब्दापासून आला. दुसरा म्हणजे 'च्या जागी'. व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे प्रेसिडेंटच्या जागी उभा राहणारा. त्याचं मूळ 'पाळी, बदली' असं काहीसं. 'व्हाइस व्हर्सा' म्हणतात ना, जागा उलटी फिरवून, ते ह्याच घरातलं. आणि तिसरा तुझा, वर्कशॉपमधला. लोखंडी जबड्यांचा, दांडा फिरवून आवळायचा. तो जुन्या फ्रेंचमधल्या 'स्क्रू' या शब्दावरून आला, आणि तो स्क्रू लॅटिनमधल्या द्राक्षवेलीवरून. वेलीचे ताणे कसे पीळ घालत चढतात, तसे स्क्रूचे आटे. आहे की नाही गंमत? ज्यात माणसं लोखंड पकडतात तो वेलीचा नातू. अमेरिकेतले लोक त्याचं स्पेलिंगही वेगळं करतात, म्हणजे घोळच नको. आपल्या डॉक्टरांनी केलं नव्हतं.

म्हणून झाली चूक. डॉक्टरांचा रिपोर्ट इंग्रजीत होता, चौकशी समितीतल्या चौघांचं इंग्रजी जेमतेम, आणि अख्ख्या ऑफिसात अनुवादक मी एकटी. त्या आठवड्यात मी तुझ्या उशाशी बसून होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. एकाच्या जागी दुसरा अर्थ पडला आणि कागद पुढे गेला. तुझ्यासारख्या सुपारीसुद्धा न खाणाऱ्या माणसाला व्यसनी ठरवून काढलं, ह्याचं मला किती वाईट वाटतं ते मी कुठल्या शब्दात लिहू? मी दुरुस्तीपत्रक लिहून देते. 'अनुवादकाच्या अनवधानाने.' बस, एका ओळीचं काम आहे. तुझ्यावरचा डाग जाईल.

ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगायची गरज पडणार नाही असं वाटतं.

भोंगा झाला. जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई


११ मार्च, मंगळवार

ठोक्या,

तुझं उत्तर आलं. परत एकच ओळ. 'मग हात कुठे गेला? हँड म्हणजे हात, एवढं मला पण येतं.'

सोबत दोन्ही कागदांच्या झेरॉक्स. प्रशिक्षण शाळेतल्या साहेबांनी दिल्या म्हणे. इंग्रजी ओळीत 'हँड' ह्या शब्दाखाली तू पेन्सिलीने रेघ मारली आहेस, आणि माझ्या मराठीत जिथे तो असायला हवा होता तिथे छोटं प्रश्नचिन्ह.

गणितात सदतीसच्या वर तुला मार्क मिळाले नाहीत आणि मी शाळेत पहिली यायचे. पण पकडलंस तू मला.

डॉक्टरांनी लिहिलं होतं : 'इजेच्या वेळी कामगाराचा उजवा हात व्हाइसमध्ये धरलेला होता व तो दोनदा आवळण्यात आला.' ट्वाइस. दोनदा. मी लिहिलं : 'इजा झाली त्या वेळी सदर कामगार व्यसनाच्या पकडीत होता व ते दुपटीने बळावलेले होते.' बघ, किती सफाईदार वाक्य आहे! अनवधानाने असं वाक्य होत नाही. अनवधानाने एक शब्द चुकतो, अख्खा हात गळत नाही. ह्या वाक्यावर मी पूर्ण सकाळ बसले होते. तिन्ही नोंदी मला तोंडपाठ होत्या. मी त्यातली एक निवडली.

आता सगळंच लिहिते. कपाळही दारावर आपटलं नव्हतं. त्याने आपटलं, भिंतीवर, केस धरून. हो, 'त्याने'. लग्नाला अठरा वर्षं झाली, आजवर 'हे' सोडून दुसरं लिहिलं नाही. आज लिहिते. कानशिलात मारतो, मनगट पिरगाळतो, एकदा भाकरी गार झाली म्हणून तवाच फेकला. तुला हे ठाऊक होतं, म्हणूनच तू त्याच्यासमोर निवडणुकीला उभा राहिलास, असं मला कायम वाटत आलंय. माझ्यासाठी भांडायला दुसरी जागा तुला नव्हती.

त्या दिवशी एकचा भोंगा झाला. निवडणुकीला चार दिवस होते. तुम्हा दोघांना कँटीनमध्ये एका टेबलावर बसवून समेट घडवायचा, असं माझ्या मनात होतं. मोठी आले मी समेट घडवणारी! वर्कशॉपच्या मागच्या दाराने आत शिरले. सगळे जेवायला गेलेले, कंप्रेसर तेवढा घरघरत होता. तू व्हाइसच्या जबड्यांमधला लोखंडाचा कीस ब्रशने झाडत होतास, उजवा हात आत घालून. तो समोर उभा.

"माझ्या बायकोचा भाऊ माझ्या विरुद्ध उभा राहतो? अर्ज मागे घे."

"नाही घेणार भाऊजी. पोरं मला मत देतायत, त्याला मी काय करू?" तू हसत होतास.

"व्हाइस व्हायचंय तुला?"

"बघू, झालो तर झालो."

"मग घे की. हा घे व्हाइस."

तू त्या दांड्याला रोज तेल घालायचास, बोटाने ढकलला तरी फिरायचा. त्याने एका झटक्यात फिरवला आणि मग छातीने वर रेलला. तू ओरडला नाहीस. आधी नुसतं "भाऊजी" म्हणालास, चहा हवा का विचारावं तशा आवाजात. मग गुडघे वाकले तुझे आणि तू हाताला लटकलास. रक्त खालच्या किसात पडत होतं. किसात रक्त पसरत नाही, गोळे होतात त्याचे. तो एकदा थुंकला, हात पुसले आणि पुढच्या दाराने जेवायला गेला.

मी कपाटामागे उभी होते. सगळं बघितलं. तो जाईपर्यंत हलले नाही. हे एक.

दुसरं असं की मी धावत आले ती बाकाच्या मागच्या बाजूने. वळसा घालायला चार पावलं लागली असती. घातला नाही. वरून ओणवी झाले आणि दांडा धरला. बरणीचं झाकण उघडतात तसा डावीकडे फिरवला, सगळा जोर लावून. झाकण समोरून उघडतात. मी उलट्या बाजूला होते. माझी डावी ती व्हाइसची उजवी. काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि तेव्हा तू ओरडलास. तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता, जनावराचाही नाही. अर्धी फेरी असेल. मग मला कळलं आणि मी उलटा फिरवला.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं. "पहिल्या दाबात हाडं मोडली होती, ती जुळली असती. दुसऱ्या वेळी चुरा झाला. दोन बोटं काढावी लागतील." त्यांना वाटत होतं मी बहीण म्हणून रडतेय.

त्याची फेरी भरून आली असती, ठोक्या. बोटं माझ्या फेरीने गेली.

मग मी तुझ्या पलंगापाशी बसून काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. "ह्यांचं नाव घेऊ नकोस, माझा संसार मोडेल." तू मान हलवलीस. समितीला 'अपघात' म्हणून सांगितलंस. तुझी समजूत अशी की डॉक्टरांचा कागद आहेच, तो आपोआप बोलेल. आणि तो कागद माझ्या टेबलावर आला.

तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला होता, मानेवर अंगठा ठेवून. पण मी त्याच्यावर ढकलणार नाही. त्याला एवढं इंग्रजी येत नाही. मी ओळ मराठीत सांगितली तेव्हा 'त्या दोनदाचं काहीतरी कर' एवढंच तो म्हणाला, कारण त्याने एकदाच फिरवला होता आणि दुसऱ्यांदा कोण हे त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. समितीने 'दोनदा' वाचलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता. 'व्यसन' हा शब्द मी शोधला. माझ्या अर्ध्या फेरीसाठी.

एक विचारायचं होतं, साडेसहा वर्षं विचारलं नाही. भूल उतरत होती तेव्हा तू पुटपुटलास, "ताई, तुझ्या हाताला तेलाचा वास येतोय." तुला माहीत आहे का रे?

तुझी
(पुढे काय लिहायचं ते सुचत नाही)


१९ मार्च, बुधवार
टायपिस्टबाईंच्या घरून

ठोक्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. चार ओळी! एवढं तू शाळेच्या निबंधातही लिहिलं नव्हतंस.

'माहीत होतं. तुझ्या चपलांचा आवाज मला ओळखू येत नाही का? तू सोडवायला आली होतीस. दुसरी फेरी कागदावर घालू नकोस, फक्त माझा हात परत घाल.'

मी हे इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. म्हणजे त्या पलंगावर मान हलवलीस तेव्हाही तुला माहीत होतं. समितीसमोर गप्प बसलास तेव्हाही. माझा कागद तुझ्या हातात दिला आणि 'व्यसनी' म्हणून फाटकाबाहेर काढलं तेव्हाही. मला लाज वाटते ठोक्या. लाज हा शब्द लहान आहे, पण कोशात त्याहून मोठा सापडला नाही.

काल सकाळी मी नवा अनुवाद लिहायला बसले. तो दाढी करत होता. टेबलावर झेरॉक्स बघितली आणि त्याला सगळं समजलं. अशा गोष्टी त्याला इंग्रजी न येता समजतात. साबण लावलेल्या गालानेच आला. कागद फाडला. माझं डोकं धरून टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. "भावाला व्हाइस दाखवला, आता तुलापण दाखवू?" म्हणाला. दाताचा तुकडा जिभेवर आला. त्याने माझा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि खण ढकलायला पाय उचलला.

एका पायावर उभा होता तो. मोठा कोश माझ्या डाव्या बाजूला होता, तिन्ही नोंदी असलेला, अडीच किलोचा. मी तो एका हाताने उचलून तोंडावर मारला. पहिल्या फटक्यात नाक फुटलं. हात मोकळा झाला तेव्हा दोन्ही हातांनी मारला. तो खाली पडला तरी मारला. किती वेळा ते मोजलं नाही. मला आवडलं, हे कुणाला सांगू नकोस. थांबले ती त्याने हात जोडले म्हणून नाही, कोशाची शिवण उसवली म्हणून.

मेला नाही. दवाखान्यात आहे, नाक आणि जबडा. माझ्यावर तक्रार करणार म्हणतो. करू दे. पोलीस विचारतील तेव्हा मी पहिल्यापासून सुरुवात करीन, एकच्या भोंग्यापासून.

तोंड धुतलं, नवा कागद घेतला, पुन्हा लिहिलं आणि अकरा वाजता ऑफिसात नेऊन दिला. आवक-जावकच्या बाईंनी आधी माझ्या ओठाकडे बघितलं, मग कागद वाचला. म्हणाल्या, "अहो, वरचं दुरुस्त केलंत ते ठीक. पण ही खालची टीप काढा. नोकरी जाईल तुमची, शिवाय जेलमध्ये बसाल."

"शिक्का मारा," मी म्हणाले.

त्यांनी मारला. एक प्रत प्रशिक्षण शाळेच्या साहेबांना माणूस पाठवून दिली, पोच माझ्याजवळ आहे. परवाच्या सुनावणीत ती टेबलावर असेल. तू ताठ बसायचंस. डावा हात पुढे ठेव, लोकांना बघू दे त्याने काय काय करता येतं ते.

नक्कल सोबत जोडली आहे. तू सांगितलेलं मी ऐकलं नाही. सगळं आयुष्य तू माझं ऐकत आलास, म्हणून मला ऐकायची सवयच नाही.

"इजेच्या वेळी कामगाराचा उजवा हात व्हाइसमध्ये धरलेला होता व तो दोनदा आवळण्यात आला.

अनुवादकाची टीप : व्हाइस म्हणजे येथे लोखंडी पकड. पूर्वीच्या अनुवादात दिलेला 'व्यसन' हा अर्थ चुकून नव्हे, जाणूनबुजून दिला होता. कामगाराला कोणतेही व्यसन नव्हते व नाही. पहिल्यांदा आवळणारा, अनुवादकाचा नवरा. दुसऱ्यांदा आवळणारी, अनुवादक."

ह्या खेपेला आशीर्वाद लिहीत नाही. माझ्याकडे देण्यासारखे उरलेले नाहीत. इथलं काय ते निस्तरलं आणि मला सोडलं, तर येईन. दार वाजवणार नाही, पायरीवर उभी राहीन. चपला त्याच आहेत. आवाज ओळखशील. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

ताई